पायथनच्या शेलमध्ये आधी दिलेल्या कमांड कशा पाहाव्यात

पायथनच्या शेलमध्ये, म्हणजे एकेक कमांड टाइप करून लगेच उत्तर मिळवण्याच्या ठिकाणी, बराच वेळ काम झाल्यावर अखेर बरोबर चाललेली ओळ नेमकी कोणती, हे पडद्यावर वर सरकत शोधणे फार कष्टाचे ठरते, कारण तिथे कमांड, त्यांची उत्तरे आणि चुकांचे संदेश एकमेकांत मिसळलेले असतात. शेल मात्र आपण टाइप केलेल्या ओळींची वेगळी नोंद ठेवतो आणि त्या नोंदीलाच हिस्टरी म्हणतात. ही नोंद पाहण्याच्या पद्धती पायथनच्या आवृत्तीनुसार आणि शेलच्या प्रकारानुसार बदलतात. पुढे कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत कराव्यात.

नुकतीच दिलेली कमांड हवी असेल तर वरच्या बाणाची कळ पुरेशी आहे. पाच-सहा ओळींपेक्षा मागे जायचे असल्यास बाण दाबत बसू नये. त्याऐवजी लिनक्स किंवा मॅकवर कंट्रोल आणि आर या कळा एकत्र दाबून हव्या असलेल्या ओळीतला आठवणारा एखादा तुकडा टाइप करावा. तो तुकडा असलेली सर्वांत अलीकडची ओळ लगेच समोर येते आणि पुन्हा कंट्रोल-आर दाबल्यास त्याआधीची जुळणारी ओळ येते. इथे घाईने एंटर दाबू नये, कारण त्याने ओळ तशीच चालवली जाऊ शकते. तिच्यात बदल करायचा असेल तर आधी उजव्या बाणाची कळ दाबावी. शोध सोडून द्यायचा असेल तर कंट्रोल-जी दाबावे.

संपूर्ण यादी एकदम पाहायची असेल तर आवृत्ती कोणती आहे हे महत्त्वाचे ठरते. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या पायथन 3.13 पासून शेल नव्याने लिहिला गेला असून त्यात एफ2 ही कळ दाबली की हिस्टरी उघडते. तिथे फक्त आपण लिहिलेला कोड दिसतो. उत्तरे आणि ओळीच्या सुरुवातीची प्रॉम्प्टची चिन्हे गाळलेली असतात, त्यामुळे हवा तो भाग उचलून थेट फाइलमध्ये चिकटवता येतो. 3.12 आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत अशी कळ नाही, पण लिनक्स आणि मॅकवर रीडलाइन नावाच्या मॉड्यूलकडून तीच यादी मागता येते:

इम्पोर्ट रीडलाइन
फॉर आय इन रेंज(1, रीडलाइन.गेट_करंट_हिस्टरी_लेंग्थ() + 1): प्रिंट(आय, रीडलाइन.गेट_हिस्टरी_आयटम(आय))

या यादीतील क्रमांक 1 पासून सुरू होतात, शून्यापासून नव्हे, हे पायथनच्या सवयीला धरून नसल्यामुळे लक्षात ठेवावे लागते. मागच्या वेळी शेल उघडला होता तेव्हाच्या ओळीही या यादीत येतात. म्हणून ती फार लांबल्यास रेंजची सुरुवात शेवटच्या वीस-पंचवीस ओळींपासून करावी. विंडोजवरच्या पायथनसोबत हे मॉड्यूल येत नाही, त्यामुळे तिथे 3.13 किंवा त्यापुढची आवृत्ती घेणेच सोयीचे.

जुन्या शेलची खरी अडचण अनेक ओळींच्या कोडबाबत आहे. सहा ओळींचे फंक्शन लिहिले असेल तर 3.12 पर्यंत त्याच्या सहा स्वतंत्र नोंदी होतात आणि ते पुन्हा मिळवण्यासाठी एकेक ओळ क्रमाने वर आणावी लागते. 3.13 मध्ये पूर्ण फंक्शन एकत्र परत येते.

रोज शेलमध्येच काम करणाऱ्याने मात्र आयपायथन हा पायथनचा अधिक सोयींचा वेगळा शेल वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे प्रत्येक कमांडला क्रमांक असतो आणि %हिस्ट -एन असे दिले की चालू सत्रातील सर्व कमांड क्रमांकांसह दिसतात. %हिस्ट 4-7 दिल्यास तेवढ्याच कमांड येतात, -ओ जोडल्यास उत्तरेही दिसतात, तर %हिस्ट ~1/1-10 ही कमांड आधीच्या सत्रातील पहिल्या दहा कमांड दाखवते. सर्वांत उपयोगाचा पर्याय -जी हा आहे: %हिस्ट -जी आणि त्यापुढे एखादा शब्द दिला की आजवरच्या सर्व सत्रांत शोध घेतला जातो आणि प्रत्येक निकालाबरोबर सत्र व ओळ यांचे क्रमांक मिळतात. हवी ती कमांड सापडल्यावर %रीकॉलने ती बदल करण्यासाठी प्रॉम्प्टवर आणता येते, %रीरनने पुन्हा चालवता येते आणि %सेव्हने निवडक कमांड फाइलमध्ये उतरवता येतात.

या नोंदी जपण्याच्या रीतीतही फरक आहे. साधा शेल, निदान 3.12 पर्यंतचा, होम डिरेक्टरीतील .पायथन_हिस्टरी या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये बाहेर पडताना लिहितो. त्यामुळे शेल जबरदस्तीने बंद केला गेला तर त्या सत्रातील ओळी जातात, आणि दोन खिडक्यांत दोन शेल चालू असतील तर शेवटी बंद होणारा शेल आधीच्याची नोंद पुसून टाकू शकतो. आयपायथन एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये काम चालू असतानाच लिहीत जातो, म्हणून त्याला हा धोका फारसा नाही.

साध्या शेलची .पायथन_हिस्टरी ही फाइल साधी असल्यामुळे ती कोणत्याही एडिटरमध्ये उघडून वाचता येते, आणि त्याच कारणाने शेलमध्ये टाइप केलेला पासवर्डही तिथे उघडा पडून राहतो. लिनक्सवरच्या बॅश या कमांड-शेलमध्ये ओळीच्या सुरुवातीला जागा सोडून नोंद टाळण्याची युक्ती अनेकांना माहीत असते, परंतु ती इथे चालत नाही. पासवर्ड घ्यायचा असेल तर तो पडद्यावर न दाखवता विचारणारे गेटपास मॉड्यूल वापरावे. नको ती ओळ आधीच नोंदली गेली असेल तर प्रथम सर्व शेल बंद करावेत आणि मगच फाइलमधून ती काढावी, कारण उघडा राहिलेला शेल बंद होताना आपल्याजवळची जुनी यादी, त्या ओळीसकट, पुन्हा फाइलमध्ये लिहितो.