क्वांटम डॉटमधला स्पिन मोजताय? या चुका टाळा

शिवाजी विद्यापीठात रासायनिक पद्धतीने पातळ थर बनवण्याचं काम जुनं आहे. त्यामुळे कॅडमियम सेलेनाइडचे क्वांटम डॉट (काही नॅनोमीटरचे अर्धवाहक कण) बनवायला कोल्हापूरची पोरं कचरत नाहीत. अडतं ते पुढे, पंप-प्रोब मांडून फॅरेडे रोटेशनने इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याचं अंगभूत चुंबकपण, मोजताना. यात पंप हा लेसर किरण स्पिन एका दिशेला वळवतो आणि प्रोब हा दुसरा किरण नमुन्यातून जाताना त्याचं पोलरायझेशन किती वळलं यावरून तो स्पिन कळतो.

लॉक-इनवर (गोंगाटातून बारीक सिग्नल वेचणाऱ्या अॅम्प्लिफायरवर) आकडा दिसला की लगेच त्याला स्पिन म्हणू नका. पंपचं सर्क्युलर पोलरायझेशन, म्हणजे प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राचं गोल फिरणं, उजव्याचं डावं करा. सिग्नलचं चिन्ह उलटायला हवं. जो भाग उलटत नाही तो स्पिनचा नव्हे. पंपचा विखुरलेला प्रकाश असेल, नाहीतर नमुना तापत असेल. माझ्या मते ही तपासणी न केलेला आलेख वहीत चिकटवूही नये.

क्वार्टर-वेव्ह प्लेट (रेषीय पोलरायझेशनचं सर्क्युलर करणारी चकती) 45 अंशावर लावली म्हणून विसंबून राहू नका. तिच्यापुढे पोलरायझर ठेवून सावकाश फिरवा, नजर पॉवर मीटरवर. आकडा जवळपास स्थिर राहायला हवा. समजा तो 2 आणि 1 मिलिवॉटच्या दरम्यान हलतोय. हिशेब केला तर सर्क्युलर भाग 94 टक्के निघतो आणि पोरं निश्चिंत होतात. पण त्याच प्रकाशात रेषीय भाग 33 टक्के असतो, कारण दोघांच्या वर्गांची बेरीज 1 होते. खोटे सिग्नल बहुतेकदा या रेषीय भागातून येतात. प्लेट शक्यतो नमुन्याच्या अगदी आधी ठेवा. मध्ये तिरका आरसा आला की पोलरायझेशन लंबवर्तुळाकार होतं.

जुलैत आपल्याकडची हवा ओलीचिंब असते. क्रायोस्टॅटच्या (नमुना अतिथंड ठेवणाऱ्या पात्राच्या) खिडकीवर दव धरलं तर पुसत बसू नका, आधी व्हॅक्यूम बघा.

चुंबकक्षेत्र पंपच्या किरणाला काटकोनात लावा आणि क्षेत्राभोवती फिरणाऱ्या स्पिनमुळे सिग्नलमध्ये दिसणाऱ्या दोलनाची वारंवारिता वेगवेगळ्या क्षेत्रांना मोजा. आलेख शून्यातून जाणारी सरळ रेषा हवा. g (स्पिन चुंबकक्षेत्राला किती प्रतिसाद देतो ते सांगणारा आकडा) 1 असेल तर 1 टेस्लाला 14 गिगाहर्ट्झ. इंडियम आर्सेनाइडच्या डॉटमध्ये रेष सरकलेली दिसली तर अणुकेंद्रांचे स्पिन एका दिशेला वळले असण्याची शक्यता मोठी. तिथे फोटोइलॅस्टिक मॉड्युलेटरने पंप 50 किलोहर्ट्झला उजवा-डावा करत राहा. अणुकेंद्रांना तेवढ्या वेगाने वळता येत नाही.

शेवटी प्रोबची पॉवर निम्मी करून तेच मापन घ्या. स्पिनचा क्षय लांबला, तर प्रोबच त्याला बिघडवत होता. मग प्रोबची तरंगलांबी शोषणाच्या शिखरापासून दूर न्या. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा विद्यापीठाच्या गटाने 2006 मध्ये एका डॉटमधल्या एकाच इलेक्ट्रॉनचा स्पिन केर रोटेशनने (फॅरेडेसारखंच, पण परावर्तित प्रकाशात) मोजला, तोही प्रोब असाच बाजूला ठेवून.