कंडेन्सर विकला, आवाज सुधारला

म्हापशात आमचं घर कौलारू. व्हॉइसओव्हरसाठी दोन हजारांचा यूएसबी कंडेन्सर माइक घेतला, तर पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये माझ्यापेक्षा पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा स्पष्ट! शिवाय कौलांवरचा पाऊस, पंख्याची घरघर. दोष माइकचा नव्हताच म्हणा. कंडेन्सर मुळातच संवेदनशील, खोलीतलं सगळं टिपतो.

तो विकून कार्डिऑइड डायनॅमिक माइक घेतला. हा मुख्यतः समोरचंच ऐकतो, म्हणून त्याची पाठ खिडकीकडे केली. मात्र तोंड चार बोटांवर ठेवावं लागतं, गेनही (माइकचा आवाज वाढवायची पातळी) बराच चढवावा लागतो. अगदी सरळ बोललं की 'प', 'भ' फाटायचे. माइक जरा तिरका केल्यावर फटफट थांबली. माझ्या पाठीमागे दोरीवर गोधडी टांगली, खोलीचा घुमारा गेला. आई विचारते, "पावसाळ्यात घरात वाळत घातलीस की काय?"