जबडा दाखवायला निघण्याआधी

जबडा दुखतो किंवा तोंड नीट उघडत नाही म्हणून डॉक्टरांकडे निघालात, तर सगळ्यात आधी मोजपट्टी. मागच्या वेळी तीच राहिली, आणि ‘आधी तोंड किती उघडायचं, आता किती उघडतं?’ या पहिल्याच प्रश्नाला ‘थोडं कमी’ एवढंच सांगता आलं. ‘थोडं कमी’वरून कुणाला काही ठरवता येत नाही. दीड महिन्याने फरक पडला का, हेही मग अंदाजानेच.

तर मोजायचं असं. आरशासमोर बसा, वरच्या आणि खालच्या मधल्या दातांच्या कडांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या. कंपासपेटीतल्या पट्टीचा शून्य टोकापासून थोडा आत असतो. ते तीन-चार मिलिमीटर लक्षात घेतले नाहीत तर आकडा साफ चुकतो. स्टीलची पट्टी टोकापासून सुरू होते, ती बरी. नाहीतर कागदाची पट्टी दातांत उभी धरून खूण करा आणि ती खूण मोजा. दोन आकडे हवेत: दुखायला लागेपर्यंतचा, आणि दुखलं तरी जमेल तेवढं उघडल्यावरचा. हाताने जबडा ताणायचा नाही. सकाळी उठल्यावर आणि रात्री, दर वेळी त्याच दातांवर, निदान आठवडाभर. मोठ्या माणसाचं तोंड साधारण 40 ते 50 मिमी उघडतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी मावतात. 35च्या खाली म्हणजे अडलंय. सकाळचा आकडा कमी असेल तर रात्री दात आवळले जात असावेत. संध्याकाळचा कमी असेल तर दिवसा. उघडताना हनुवटी एका बाजूला सरकते का, हेही आरशात पाहून लिहा. कुठल्या बाजूला, ते विसरू नका.

जबड्याचा सांधा कुठे असतो? कानाच्या भोकाच्या अगदी पुढे. तिथे बोट ठेवून तोंड उघडा, हालचाल लागते. आत खालच्या जबड्याच्या हाडाचं डोकं आणि कवटी यांच्यामध्ये एक चकती असते. ती पुढे सरकलेली असली की उघडताना हाड तिच्यावर चढतं आणि खटका वाजतो. नुसता खटका, दुखणं नाही, अडकणं नाही: काही करायचं नाही. त्यावर पैसे घालवू नका. पण जुना खटका एके दिवशी बंद झाला आणि तोंड 25-30 मिमीवरच अडलं, तर चकती अडकलेली असू शकते. महिनाभर वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवा. बऱ्याच जणांचं दुखणं मात्र सांध्याचं नसतंच, गालाच्या आणि कानशिलाच्या स्नायूंचं असतं. तिथे दाबल्यावर ‘हेच दुखतं’ असं वाटलं तर तसंही लिहा.

आता जे सांध्याचं नाहीच ते. चालताना, जिना चढताना जबडा दुखतो, घाम येतो, छातीत जड वाटतं: दाताच्या दवाखान्यात जाऊ नका, 108ला फोन करा. पन्नाशी उलटलीय, कानशिलात नवीनच डोकेदुखी आहे, चावताना जबडा भरून येतो, नजर अंधुक होते: त्याच दिवशी मोठं रुग्णालय. ताप, सूज आणि तोंड उघडेना: अक्कलदाढेचा किंवा इतर पू, तोही त्याच दिवशी. उघडलेलं तोंड मिटतच नसेल तर सांधा निखळलाय, तातडीच्या विभागात जा. विजेसारखी क्षणभराची कळ आली तर नसेचा विचार आधी व्हायला हवा, दात उपटण्याचा नंतर. आणि सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागलं, मिसळीची तर्री आता झोंबते, गाल आतून पांढरट आणि ताठ लागतात, तर ते सांध्याचं दुखणं समजू नका. तोंडाच्या आतल्या त्वचेचा आजार असू शकतो आणि त्यातून कर्करोगाचा धोका असतो. सुपारी आजच बंद.

कुठे जायचं? गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांकडून आधी दाढ किडलीय का ते पाहून घ्या. कान भरल्यासारखा वाटत असेल तर कान-नाक-घसावाले. दोन्हीकडे काही सापडलं नाही, तर ‘ओरल मेडिसिन’ (तोंडाच्या आजारांचा विभाग) किंवा ‘ओरल सर्जन’ (तोंड-जबड्याची शस्त्रक्रिया करणारे) हे शब्द वापरून विचारा. नाशकात पंचवटीतल्या हिरे दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी वेगवेगळे विभाग एकाच छताखाली मिळतात. अशा ठिकाणी आधी विद्यार्थी तपासतात, मग वरिष्ठ. अर्धा दिवस धरूनच जा. त्र्यंबक रोडचं सिव्हिलही आहे. मुंबई गाठायचीच असेल तर शासकीय दंत महाविद्यालय सीएसएमटीपासून चालत जाण्याएवढं आहे, पण पहिल्याच फेरीला मुंबईची घाई नको. हाड बसवून देणाऱ्याकडे जबडा ओढून घ्यायला तर मुळीच नको.

पिशवीत: जुने एक्सरे, असतील तेवढे. जुना नाइट गार्ड (रात्री दातांवर चढवायचं कवच) असेल तर डबीत घालून. गरम पाण्याने धुऊ नका, वाकडा होतो. औषधांची यादी, त्यात नैराश्यावरची गोळी असेल तर ती नक्की (काहींमुळे दात आवळले जातात), हाडं ठिसूळ होण्यावरची गोळी किंवा इंजेक्शन असेल तर तेही, दात काढण्याआधी ते कळलंच पाहिजे. वेदनाशामक घेतली असेल तर वेळ लिहा. आणि आकड्यांची वही. परत सांगतो, वही. फोनमध्ये लिहिलं असेल तर फोन चार्ज करून.

तिथे विचारा: स्नायू, चकती की हाड? जो उपचार सांगताय तो परत फिरवता येईल का? दात घासून चावा (वरचे-खालचे दात एकमेकांवर बसतात ते) ‘जुळवणं’, कॅप बसवणं, तारा लावणं, शस्त्रक्रिया: यातलं काहीही पहिल्याच भेटीत सुचवलं तर दुसरं मत घ्या. सगळे दात झाकणारा कडक स्प्लिंट, म्हणजे दातांवरचं कवच, काढता येतो. फक्त पुढच्या दातांवरचा गार्ड महिनोन्‌महिने वापरला तर चावा बदलू शकतो. ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्सरेत, हाड आणि दात दिसतात, चकती नाही. ती एमआरआयमध्ये, तोंड मिटून आणि उघडून दोन्ही. एमआरआय लगेच लागतोच असं नाही.

तोवर मऊ भात, खिचडी. ऊस, चिक्की, कडक चिवडा बंद. द्राक्षं चालतात. ओठ मिटलेले, दात सुटलेले. जांभई येताना हनुवटीखाली मूठ. शेक पंधरा मिनिटं. पालथं झोपू नका.

परत आल्यावरही मोजणं चालूच. त्याच पट्टीने.