जिनिंगला दोन 'एन', डायनिंगला एकच : इंग्रजी प्रत्यय लावताना या चुका टाळा

धरणगाव-चोपड्याच्या बाजूला कापसाच्या हंगामात फिरलं की जिनिंग-प्रेसिंगच्या पाट्या दिसतात. थोडं पुढे शेवभाजीचं हॉटेल लागतं आणि त्याच्या पाटीवर डायनिंग हॉल लिहिलेलं असतं. रंगवलेल्या पाट्यांवर पुष्कळदा जिनिंगमधला एक 'एन' गळालेला असतो आणि डायनिंगमध्ये एक जास्तीचा घुसलेला असतो. माझ्या वर्गातल्या मुलांच्या वह्यांतही नेमकं हेच होतं. पेंटरला किंवा मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. प्रत्यय लागताना मूळ शब्दाला काय होतं, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

'जिन' हा एका दमात उच्चारायचा शब्द. त्यात ऱ्हस्व स्वर एकच आणि शेवटी व्यंजनही एकच. अशा शब्दाला 'इंग' किंवा 'एड' जोडताना शेवटचं अक्षर दुप्पट होतं, म्हणून जिनिंगमध्ये 'इंग'च्या आधी दोन 'एन'. शिपिंग, प्लॅनिंग आणि आपल्या ठिबकचं 'ड्रिपिंग' यांचंही तसंच. 'डाइन'च्या शेवटी मात्र न उच्चारला जाणारा 'ई' आहे. 'इंग' येताच तो 'ई' जातो आणि दुसरं काहीच बदलत नाही. वायरिंग, टायपिंग याच रांगेतले. रावेर-यावलकडे केळी पिकवायला रायपनिंग चेंबर असतात, त्या शब्दात तर दोन प्रत्यय एकावर एक बसलेत : राइप म्हणजे पिकलेलं, रायपन म्हणजे पिकवणं आणि रायपनिंग म्हणजे पिकवण्याची क्रिया. भुसावळ स्टेशनच्या वेटिंग रूममधल्या 'टी'च्या आधी 'ए' आणि 'आय' असे दोन स्वर आहेत, म्हणून तिथे 'टी' एकच.

शब्द लांब असेल तर जोर कुठे पडतो ते ऐका. 'बिगिन'मध्ये तो शेवटी पडतो, म्हणून बिगिनिंगच्या मध्ये दोन 'एन'. 'ओपन'मध्ये तो सुरुवातीला पडतो, म्हणून ओपनिंगमध्ये त्या जागी एकच. 'ट्रॅव्हलिंग'ला हा नियम सगळीकडे लागत नाही. ब्रिटिश पद्धतीत त्यात दोन 'एल', अमेरिकन पद्धतीत एक. आपल्या पाठ्यपुस्तकांत ब्रिटिश वळण चालतं, तेव्हा दोनच लिहा.

मूळ शब्द तसाच राहील, असं गृहीत धरू नका

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. मुलं 'मेन्टेन'पुढे सरळ 'अन्स' चिकटवतात, 'प्रोनाउन्स'पुढे 'एशन', 'क्युरिअस'पुढे 'इटी'. तिन्ही स्पेलिंगं चुकतात. 'मेन्टेनन्स'मध्ये दुसऱ्या 'ए-आय'चा 'ई' होतो. 'प्रनन्सिएशन'मधून दुसरा 'ओ' जातो, 'क्युरिऑसिटी'मधून 'यू' जातो. 'एक्सप्लेन'चं 'एक्सप्लनेशन' होताना 'आय' गळतो.

हे विचित्र वाटत असेल तर एकदा मराठीकडे बघा. 'सुंदर'ला 'पणा' लावला की 'सुंदरपणा' होतं, शब्दाला धक्का लागत नाही. त्याच 'सुंदर'ला संस्कृत वळणाने घडवलं की 'सौंदर्य' होतं आणि पहिला स्वरच बदलतो. इतिहास-ऐतिहासिक, दिन-दैनिक, भूगोल-भौगोलिक : ही रूपं आपण न अडखळता लिहितो. इंग्रजीतही अशी दोन घराणी आहेत. 'नेस', 'फुल', 'लेस', 'हुड', 'डम' हे तिचे जुने, घरचे प्रत्यय, आपल्या 'पणा'सारखे शांत. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर फ्रेंच आणि लॅटिनमधून शब्दांचा लोंढा आला आणि त्याबरोबर 'इटी', 'शन', 'इक' यांसारखे प्रत्यय आले. ते मूळ शब्दाचा उच्चार आणि कधीकधी स्पेलिंगही हलवतात. 'फोटोग्राफ'चा जोर पहिल्या अवयवावर (म्हणजे एका दमात उच्चारायच्या पहिल्या तुकड्यावर), 'फोटोग्राफी'चा दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'चा तिसऱ्यावर. मोठ्याने म्हणून पाहा, कानाला लगेच कळेल. 'मेंट'ही फ्रेंचमधूनच आला, पण तो सहसा शब्दाला छेडत नाही. 'आर्ग्युमेंट' मात्र 'आर्ग्यू'चा 'ई' टाकून देतं, ते पाठच करा.

घरच्या प्रत्ययांपुढे एकच मोठा बदल होतो : व्यंजनानंतर 'वाय' असेल तर त्याचा 'आय' होतो. हॅपीचं हॅपिनेस, ब्यूटीचं ब्यूटिफुल. 'फुल' प्रत्यय म्हणून लागला की त्यात एकच 'एल', आणि त्यापुढे 'ली' आला की दोन.

अर्थाच्या बाबतीत होणारी फसगत

मुलाखतीची तयारी करणारी मुलं 'आय ॲम बोअरिंग' म्हणतात, तेव्हा मी त्यांना थांबवून मराठीत विचारतो : तू कंटाळलेला आहेस की कंटाळवाणा? 'लेला' म्हणजे 'एड', 'वाणा' म्हणजे 'इंग'. एवढं कळलं की इंटरेस्टेड-इंटरेस्टिंग आणि टायर्ड-टायरिंगही आपोआप जागेवर बसतात. आपल्याकडे घरात अहिराणी बोलणारी मुलं 'मला'ऐवजी 'माले' म्हणताना योग्य प्रत्यय क्षणात निवडतात. प्रत्यय निवडण्याची समज त्यांच्यात आधीच असते, इंग्रजीत ती फक्त जागी करायची असते.

'माय मदर इज अ गुड कुकर' हे वाक्य मी दरवर्षी निबंधात वाचतो. टीचर, ड्रायव्हर, पेंटर यांवरून मुलांनी नियम बरोबर ओळखलेला असतो, पण 'कुक' हा शब्दच करणाऱ्या माणसासाठी आहे आणि कुकर गॅसवर शिट्ट्या देतो. मी तिथे लाल रेघ मारतो, पण शेजारी 'विचार बरोबर होता' असंही लिहितो.

'फुल' आणि 'लेस' दरवेळी विरुद्धार्थी नसतात. केअरफुल-केअरलेस आहेत. हेल्पफुल म्हणजे मदत करणारा, हेल्पलेस म्हणजे असहाय. प्राइसलेस म्हणजे कवडीमोल नव्हे, आपल्या 'अमूल्य'सारखं. किंमत लावताच येत नाही, इतकं मोलाचं.

'ली' लागला की क्रियाविशेषण झालंच, असंही समजू नका. फ्रेंडली आणि लव्हली ही विशेषणं आहेत. नोकरीच्या अर्जात 'आय वर्क हार्डली' लिहिलंत, तर तुम्ही जवळपास कामच करत नाही, असा अर्थ होतो. तिथे नुसतं 'हार्ड' लिहा. उशिरा आलो हे सांगायलाही 'लेट'च, 'लेटली' म्हणजे अलीकडे.

आणि प्रत्ययावर प्रत्यय चढवू नका. आपण 'सौजन्य' असताना 'सौजन्यता' लिहितो, तसंच 'मोअर बेटर' आणि 'मोअर ईझियर'. 'बेटर'मध्ये तुलना आधीच आहे. 'ईझियर'मध्ये ती 'ई-आर'ने आली आहे, आणि 'वाय'चा 'आय'ही तिथेच झाला आहे.