जॅझ मैदानावर नेताना: या चुका टाळा

जिममध्ये सगळं सुरेख वाजलं होतं. पोरं अर्धवर्तुळात उभी होती, मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) बंद होता, आणि स्विंग, म्हणजे जॅझचा तो झोके घेणारा ठेका, असा लागला की भिंतीला टेकलेल्या माझ्याही टाचेनं आपोआप ठेका धरला. दुसऱ्या दिवशी तेच वादन मैदानावर पसरलं आणि मी मैदानाशेजारच्या टॉवरवर चढून ऐकलं. जत्रेत दोन पाळणेवाले शेजारी शेजारी वेगवेगळी गाणी लावतात ना, तसं वाजत होतं. नोटेशन बरोबर होतं, पोरांचंही काही चुकलं नव्हतं.

मी अमेरिकेत उन्हाळ्यात एका छोट्या ड्रम कोअरच्या हॉर्नलाइनला (पितळी वाद्यांच्या गटाला) मदत करतो. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि कलर गार्ड (झेंडे फिरवत नाचणारा गट), असा एकवीस-बावीस वर्षांपर्यंतच्या मुलामुलींचा ताफा फुटबॉलच्या मैदानावर चालत, धावत बारा मिनिटांच्या आतला शो सादर करतो. परीक्षक शंभरपैकी गुण देतात. त्यातले ४० एकूण परिणामाला, ३० दृश्याला आणि ३० संगीताला. जॅझ इथे जुनाच आहे. कॅलिफोर्नियातल्या कॉन्कॉर्डच्या ब्लू डेव्हिल्सनी १९७६ मध्ये पहिलं अजिंक्यपद मिळवलं ते जॅझ वाजवतच. १९८८ मध्ये मॅडिसन स्काउट्सनी 'मालागेन्या' वाजवून बाजी मारली. मूळ रचना क्यूबाच्या एर्नेस्तो लेकुओनाची, पण मैदानावर आली ती अमेरिकन जॅझवाल्या स्टॅन केंटनच्या बिग बँडच्या (मोठ्या जॅझ वाद्यवृंदाच्या) वाटेनं. म्हणजे जॅझ मैदानावर चालतो का, हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. अडचण येते ती बिग बँडचा चार्ट (कागदावर लिहिलेली वाद्यरचना) घेऊन तो जसाच्या तसा मोठ्या ताफ्याला वाटून देण्यात.

अंतर हिशेबात न धरणं

बाकी चुका एकीकडे आणि ही एकीकडे. बिग बँड एका खोलीत बसतो. ड्रमर, बास आणि पियानो एकमेकांच्या हाताच्या अंतरावर असतात, आणि स्विंग त्या जवळिकीतूनच येतो. आपलं मैदान पुढून मागे जवळपास ४९ मीटर आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे मागच्या रेषेवरचा सूर पुढच्या रेषेपर्यंत यायला ०.१४ सेकंद लागतात. आता मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत एक मात्रा ०.३७५ सेकंदांची, आणि स्विंगमध्ये तिचे 'लांब-आखूड' असे, दोनास एक प्रमाणात, दोन तुकडे केले की आखूड तुकडा सव्वाशे मिलिसेकंदांचा. आवाजाला लागणारा उशीर त्या तुकड्यापेक्षाही मोठा आहे! सरळ आठव्यांच्या (मात्रेच्या दोन सारख्या तुकड्यांच्या) मार्चमध्ये एवढा उशीर फक्त धूसर वाटतो. स्विंगमध्ये मागून आलेला ऑफबीट (मात्रेतला आखूड तुकडा) जवळपास पुढच्या मात्रेवरच जाऊन बसतो, आणि ऐकणाऱ्याला दोन वेगळे ठेके चालल्याचा भास होतो.

हे मला आधी कळायला हवं होतं, कारण पुण्यात मी पथकात ताशा वाजवलाय. लक्ष्मी रोडवर पथक लांबलं की शेवटच्या रांगेतला ढोल 'मागे पडतो' आणि शिव्या खातो. बिचारा कानानं ताशा ऐकून अगदी बरोबर वाजवत असतो, फक्त ताशाच त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचलेला असतो.

उपाय जुना आहे, ड्रम कोअरवाल्यांना पाठ आहे, पण जॅझ आला की नेमका तोच विसरला जातो. लयीचा धनी मैदानाच्या मागच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे शक्यतो बॅटरी (चालत वाजवली जाणारी तालवाद्यं). ड्रम मेजर, म्हणजे हातांनी ताल दाखवणारा, बॅटरीतल्या मधल्या स्नेअर ड्रमवाल्याच्या पायांवर डोळा ठेवून हात देतो. बॅटरीच्या पुढे असलेले सगळे मागचं ऐकतात आणि मागून येणाऱ्या आवाजावर स्वार होतात. बॅटरीच्या मागे किंवा फार बाजूला असलेल्यांनी कान बंद करून ड्रम मेजरच्या हातांकडे बघायचं. असं केलं की प्रेक्षकांत बसलेल्याला सगळं एका वेळी ऐकू येतं.

घोटाळा होतो तो ड्रमसेटमुळे. जॅझ म्हणजे राइड सिंबल (ठेका धरणारी मोठी झांज) हवाच, म्हणून ड्रमसेट पुढे पिटमध्ये (मैदानाच्या पुढच्या कडेला, जिथे वाद्यं जागेवर ठेवून वाजवतात) मांडला जातो, त्याला माइक लागतो, आणि मागची पोरं नकळत त्याच्या मागे जातात. पुढून आवाज मागे गेला, मागून उत्तर परत आलं, झाला उशीर दुप्पट. ड्रमसेट ठेवा, जरूर ठेवा. पण त्याला ठणकावून सांगा की तुझं काम लय देण्याचं नाही, मागून आलेल्या लयीला रंग देण्याचं आहे. कुठल्याही जॅझ ड्रमरला हे ऐकून वाईट वाटतं. समजूत काढायला आमचा एक आठवडा गेला.

आणि हो, सरावात मेट्रोनोमचा भोंगा पुढे ठेवू नका. तो बॅटरीच्या मागे असू दे. पुढे ठेवलात तर पोरं महिनाभर चुकीच्या दिशेला ऐकायची सवय लावून घेतात आणि भोंगा बंद केल्यावर सैरभैर होतात.

सॅक्सोफोनचा भाग ट्रम्पेटला देणं

बिग बँडमध्ये पाच सॅक्सोफोन असतात आणि हॉर्नलाइनमध्ये असतं फक्त पितळ. सॅक्सचे वेगवान, एकमेकांना चिकटून चालणारे तुकडे ट्रम्पेटना दिले की दोन गोष्टी घडतात: आवाज टोकदार होतो, आणि मूळ ट्रम्पेटचा भाग आला की त्यात काही वेगळं उरत नाही. सवाल-जवाबच संपतो. सॅक्सची जागा मला मेलोफोन आणि बॅरिटोन-युफोनियम या मधल्या-खालच्या आवाजाच्या पितळी वाद्यांकडे द्यायला आवडते. वरचा सूर मेलोफोनला, बाकीचे खाली. ट्रम्पेट मोकळे राहतात आणि त्यांची फेक आली की अंगावर येते.

कॉर्डचंही (एकत्र वाजणाऱ्या सुरांचंही) तसंच. बंद खोलीत पाच-सहा सुरांची जवळजवळ बसवलेली कॉर्ड मखमली लागते. तीच खालच्या सप्तकात सत्तर-ऐंशी पितळी वाद्यांना दिली की स्टेडियममध्ये चिखल होतो. मूळ स्वर कॉन्ट्राला (खांद्यावरच्या ट्यूबाला) द्या, पंचम काढून टाका (त्याची कोणाला आठवण येत नाही), तिसरा आणि सातवा मधल्या आवाजांत स्वच्छ ठेवा, आणि नववा-तेरावा असे मसालेदार सूर वर, थोड्याच लोकांना द्या. मसाला सगळ्यांना सारखा वाटला की भाजीची चवच कळत नाही. चालता बास (दर मात्रेला पुढे सरकणारी खालची ओळ) पूर्ण वेळ कॉन्ट्रावर टाकणं हा शुद्ध छळ आहे. दहा किलोंच्या पुढचं वाद्य खांद्यावर घेऊन, चालत, प्रत्येक मात्रेला नवा सूर! दोन गटांत आळीपाळीनं वाटा, किंवा पिटमधल्या बास गिटारला द्या आणि कॉन्ट्राला फक्त ठळक जागा ठेवा.

वर 'स्विंग' लिहून मोकळं होणं

कागदावर 'स्विंग' लिहिलं की ऐंशी पोरांचे ऐंशी स्विंग होतात. शिवाय स्विंगचं प्रमाण लयीप्रमाणे बदलतं. संथ गाण्यात लांब-आखूड चांगलं रुंद असतं. लय २०० च्या पुढे गेली की तुकडे जवळजवळ सारखे होतात आणि झोका फक्त आघातातून जाणवतो. आमच्याकडे वेगवान गाण्यातही पोरं टांगेवाल्यासारखी टगडक-टगडक वाजवत होती, कारण शाळेत कुणीतरी 'स्विंग म्हणजे मात्रेचे तीन तुकडे' एवढंच शिकवलेलं.

यावर तोंडी बोल हाच इलाज. तबल्याचा बोल आधी म्हणतो आणि मग हातात येतो, तसंच. प्रत्येक ओळ आधी गायची: डू-दा-डू-दा-डू-बॅप. कुठला सूर धरायचा, कुठला गिळायचा, कुठे जीभ लावायची, हे 'डू' आणि 'बॅप' मध्ये आपोआप ठरतं. सगळ्यांचे बोल एक झाले की वाद्यं उचला, त्याआधी नाही. पायांचं वेगळं दुखणं आहे. कोअरचा डावा पाय पहिल्या मात्रेवर पडतो, शरीर एक-तीनवर झुकतं, आणि जॅझचं वजन दोन-चारवर. जागच्या जागी पाय मारत दोन-चारवर चुटक्या वाजवायला लावा. दिसायला वेड्यासारखं दिसतं, पण लागू पडतं.

बॅटरीला गप्प बसवता न येणं

स्नेअर लिहिणाऱ्याला रिकामी जागा बघवत नाही. मग हॉर्न स्विंग करतायत आणि खाली सरळ सोळाव्यांचा (मात्रेच्या चार सारख्या तुकड्यांचा) तडतडाट चालू आहे, असं होतं. दोन्ही आपापल्या जागी चोख, आणि एकत्र भांडण. माझं मत स्पष्ट आहे: जिथे हॉर्नलाइनची जॅझची ओळ महत्त्वाची आहे तिथे बॅटरीनं साथ करायची, तबलजी गायकाला देतो तशी. त्यांचा स्वतंत्र तुकडा त्यांना पुढे द्या आणि तेव्हा मनसोक्त वाजवू द्या.

गाणं मापाचं न करणं

बत्तीस मापांचं (एक माप म्हणजे चार मात्रा) एक आवर्तन १६० च्या लयीत ४८ सेकंदांत संपतं. तीन आवर्तनं म्हणजे शोचा पाचवा हिस्सा एकाच धुनेवर गेला, आणि गार्डला करायला काही उरलं नाही. उलट टोकाला, दर आठ मापांनी नवीन गाणं लावणारे मेडलीवालेही आहेत; प्रेक्षकांना धून ओळखू येईपर्यंत ती गेलेली असते. मी सहसा धून एकदा पूर्ण ऐकवतो, मधला भाग एकदाच ठेवतो आणि शेवटचा भाग नवीन कॉर्डवर, मोठ्या आवाजात आणतो. मराठी माणसाला हे कापाकापीचं काम परकं वाटायला नको. सी. रामचंद्रांनी चिक चॉकलेटसारख्या गोव्याच्या ट्रम्पेटवाल्याला सोबत घेऊन १९५१ च्या 'अलबेला'त स्विंग बसवला, तो फिल्मी गाण्याच्या मापात बसवूनच.

सगळ्यात उंच किंचाळणारी ट्रम्पेटची जागा अकराव्या मिनिटाला ठेवायचा मोह होतो. त्याआधी ती पोरं किती धावली आहेत ते मोजा. उंच सुरांच्या आधी किमान सोळा मापं लीड ट्रम्पेटच्या (सगळ्यात उंच ओळ वाजवणाऱ्याच्या) ओठांना विश्रांती हवी. ती मिळणार नसेल तर जागा खाली उतरवा.

सोलोबद्दल फार लिहीत नाही. २००४ पासून आवाज वाढवायची मुभा असल्यामुळे सोलो वाजवणाऱ्या मुलीनं फुफ्फुसं फाडून वाजवायची गरज नाही, माइक आहे. पहिला आणि शेवटचा फ्रेझ (सुरावटीचा तुकडा) लिहून पक्का करा, मधलं तिचं तिला सुचू द्या. पूर्ण लिहिलेला सोलो जुलैपर्यंत शिळा होतो, आणि पूर्ण मोकळा सोडलेला नेमका फायनलला भरकटतो.

परवानगी मात्र आधी घ्या. कॉपीराइट असलेल्या रचनेचं नवं वाद्यरूप करायला हक्कदाराची संमती लागते. आम्ही एका वर्षी हिवाळाभर एक चार्ट घासूनपुसून तयार केला आणि मार्चमध्ये नकार आला. नवीन गाणं तीन आठवड्यांत बसवलं. त्या चार्टची फाइल अजून माझ्या लॅपटॉपवर आहे.

नेमकं कुठे बिघडतंय ते कसं ओळखाल

तोच तुकडा चार वेळा वाजवून घ्या. आधी अर्धवर्तुळात. मग मैदानावर, शोमधल्या जागांवर, पण स्थिर उभं राहून. मग त्याच जागांवर पाय मारत. आणि शेवटी पूर्ण चाल करत. पहिल्यातच बिघडलं तर चार्ट किंवा बोल कच्चे आहेत. दुसऱ्यात बिघडलं तर अंतर. तिसऱ्यात बिघडलं तर पाय आणि दोन-चारचं भांडण. चौथ्यातच बिघडत असेल तर श्वास नाहीतर चाल अवघड आहे, आणि मग संगीतवाल्यांनी एकटं डोकं आपटून घेण्यात अर्थ नाही; चाल बसवणाऱ्याला टॉवरवर बोलवा.

आमचं दुसऱ्या वेळी फुटलं. ड्रमसेटकडे लागलेले कान मागे वळवले, पण पुढच्या रेषेला लागून उभे असलेले आठ ट्रम्पेट तरीही मागच्या मेलोफोनच्या आधी धावत होते. त्यांना वीस यार्ड मागे, बॅटरीच्या अंगाला आणलं. म्हणजे बत्तीस पावलं. चाल बसवणारा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, कारण त्याचा त्रिकोण मोडला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी टॉवरवर उभा होतो, खाली त्या तुकड्याचं बाविसावं माप आलं, आणि शेजारी त्याची टाच हलताना दिसली.