जादा मृत्यू मोजताय? मुंबईच्या आकड्यांत हमखास होणाऱ्या या चुका टाळा

हिशोब एका वजाबाकीचाच आहे. साथ किंवा आपत्ती आली त्या काळात जेवढी माणसं गेली त्यातून एरवी जेवढी गेली असती तेवढी वजा करायची, उरले ते जादा मृत्यू, म्हणजे एक्सेस डेथ्स. पण गेलेली माणसं नक्की कुठली मोजली आणि 'एरवी गेली असती' हा आकडा कुठून आणला, या दोन जागी इतके घोळ होतात की आलेल्या उत्तरावर विश्वास ठेवता येत नाही. आणि यातला प्रत्येक एकक कुणाच्या तरी घरातलं माणूस आहे, म्हणून हा हिशोब नीटच व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

मुंबईचंच घेऊ. २०१९ मध्ये शहरात साधारण ९१ हजार मृत्यू नोंदले गेले आणि २०२० मध्ये १ लाख १२ हजारांच्या आसपास, म्हणजे फरक जवळपास २१ हजारांचा, आणि त्या वर्षी कोविडचे म्हणून जाहीर झालेले मृत्यू होते ११ हजारांच्या घरात. हे वाचलं की एकजण लगेच म्हणतो २१ हजार जादा, दुसरा म्हणतो मग उरलेले १० हजार कोविडचेच, लपवलेले. या आकड्यांवरून दोन्ही वाक्यं अशी सरळ निघत नाहीत.

पहिली चूक म्हणजे मागचं एकच वर्ष बेसलाइन, म्हणजे एरवीचा अपेक्षित आकडा, म्हणून धरणं. ते वर्ष नेमकं हलकं गेलं असेल तर पुढचं वर्ष उगाच भयंकर दिसतं. म्हणून लोक २०१५ ते २०१९ अशी पाच वर्षांची सरासरी घेतात, ते बरंच बरं, पण तिथेही एक खड्डा आहे. समजा एखाद्या गावात पाच वर्षांत ९०००, ९२००, ९४००, ९६०० आणि ९८०० मृत्यू झाले आणि सहाव्या वर्षी ११०००. सरासरी येते ९४००, म्हणजे जादा मृत्यू १६००. पण दरवर्षी २०० वाढतायत हे दिसतंय ना समोर, मग सहाव्या वर्षी काहीही न होता १०००० झालेच असते, म्हणजे खरे जादा १०००. पाच वर्षांची सरासरी ही मधल्या वर्षाची गोष्ट सांगते आणि तुम्ही तिची तुलना तीन वर्षं पुढच्या वर्षाशी करताय. म्हणून आधी ग्राफ काढून बघा, आकडे चढतायत का उतरतायत, आणि कल दिसत असेल तर सरासरी सोडून ट्रेंडची रेघ पुढे न्या. अजून एक बारीकसं, २०२० लीप वर्ष होतं, आणि मुंबईत एका दिवसाचा फरक म्हणजे साधारण अडीचशे मृत्यू, तो काढूनच पुढे जा.

आता उलटी चूकही सुरू झालीये. २०२४ किंवा २०२५ चा हिशोब करताना 'मागची पाच वर्षं' म्हणून २०२० आणि २०२१ पण सरासरीत घेतात. बेसलाइनच फुगली की पुढच्या वर्षी जादा मृत्यू कुठून दिसणार? ती दोन वर्षं बाहेर ठेवा आणि तसं लिहूनही ठेवा.

महिन्यांचं तर सांगायलाच नको. वर्षाचा आकडा बाराने भागून जुलैशी तुलना करू नका. पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टो यामुळे मुंबईचं चित्रच वेगळं असतं, म्हणून जुलैची तुलना आधीच्या जुलैंशीच. छोट्या काळातल्या संकटाला तर रोजचे किंवा आठवड्याचे आकडे लागतातच. अहमदाबादमध्ये मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत एरवीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले हे त्या महिन्याची तुलना इतर वर्षांच्या मे महिन्याशी केली म्हणून कळलं, वर्षाच्या बेरजेत ते सहज बुडून गेले असते.

तारखेचा घोळ मला सगळ्यात जास्त दिसतो. मृत्यू झाल्याची तारीख वेगळी आणि नोंदणीची तारीख वेगळी. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार नोंदणीला २१ दिवसांची मुदत असते आणि त्यानंतरही विलंब शुल्क किंवा परवानगी घेऊन नोंद होते. नोंदणीच्या तारखेवर ग्राफ काढलात तर कडक लॉकडाऊनमधला महिना खोटाच शांत दिसू शकतो आणि नंतर खोटा डोंगर उभा राहतो. १६ जून २०२० आठवा, त्या दिवशी राज्याने मागचे १३२८ कोविड मृत्यू एकदम यादीत घातले, त्यात ८६२ मुंबईचे होते. त्या दिवशी मुंबईत ८६२ माणसं कोविडने गेली नव्हती, ती आधीच गेली होती, हिशोब त्या दिवशी जुळला. त्यामुळे डेटा हातात आला की पहिला प्रश्न हा विचारा की कॉलममधली तारीख कसली आहे. आणि अगदी ताजे आठवडे कायम अर्धवट असतात, त्यावरून मृत्यू कमी झाले म्हणून आनंद मानू नका.

मग प्रश्न येतो कुणाचे मृत्यू. आपल्याकडे नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, माणूस राहायला कुठे होता त्यावर नाही. केईएम, टाटा, जेजे, नायर या मोठ्या हॉस्पिटलांमध्ये ठाणे-पालघर-रायगडचेच नाही तर पार दूरदूरचे पेशंट येतात, त्यातले जे इथे दगावतात ते मुंबईच्या आकड्यात बसतात. एफ साऊथ वॉर्ड एकदम भयानक दिसतो याचं मोठं कारण हे की केईएम आणि टाटा दोन्ही परळला, म्हणजे त्याच वॉर्डात आहेत. २०२० मध्ये हे दोन्ही बाजूंनी हललं, बाहेरचे पेशंट प्रवास बंद असल्यामुळे येऊ शकले नाहीत, आणि मुंबईतले कितीतरी लोक कोकणात, घाटावर, उत्तर प्रदेशात गावी गेले, त्यातलं कुणी तिकडे वारलं तर ती नोंद तिकडची. राहत्या पत्त्यानुसार वेगळा केलेला डेटा मिळत असेल तर तोच घ्या. नसेल तर निदान वॉर्डावॉर्डाची तुलना तरी टाळा आणि शहरासोबत ठाणे, पालघर, रायगड एकत्र घेऊन बघा, बरीचशी येजा त्यातच मिटते.

दर काढायचा म्हणजे भागायला लोकसंख्या पाहिजे, आणि आपल्याकडे शेवटची मोजलेली आहे २०११ ची, १ कोटी २४ लाख. २०२१ ची जनगणना झालीच नाही. २०२० चे मृत्यू २०११ च्या लोकसंख्येने भागले तर दर फुगणारच. बरं, सगळीकडे सारखी वाढ धरूनही चालत नाही, २००१ ते २०११ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत आली आणि उपनगरांची ८६ वरून ९३ लाखांवर गेली. हे दुखणं जुनंच आहे. १८९६ ला प्लेग आला तेव्हा लोक भराभर शहर सोडून गेले, १८९१ च्या जनगणनेत मुंबई ८ लाख २१ हजारांची होती ती १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजारांवर आली, मग मधल्या एखाद्या महिन्याचा मृत्युदर काढताना त्या महिन्यात शहरात माणसं किती होती हे कोण सांगणार? म्हणून थोड्या काळाची तुलना असेल तर मी दराच्या भानगडीत न पडता सरळ संख्या घेते आणि जादा मृत्यूंना अपेक्षित मृत्यूंनी भागून टक्का काढते, त्याला पी-स्कोअर म्हणतात, तो वेगवेगळ्या शहरांसाठीही बरा पडतो. लांबच्या काळाची तुलना असेल तर मात्र दर लागतो, आणि तोही वयोगटानुसार, कारण शहर म्हातारं होत गेलं की काही वाईट न होताही मृत्यू वाढतात.

सगळ्या देशाचा हिशोब करताना अजून एक भर पडते, नोंदणी स्वतःच सुधारत असते. देशात २०१९ ला ७६.४ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२० ला ८१.२ लाख आणि २०२१ ला १०२ लाखांच्या वर. यातला काही भाग आधी न होणाऱ्या नोंदी आता होतात म्हणून आहे, शिवाय कोविडने गेलेल्यांच्या घरच्यांसाठीची ५० हजारांची सरकारी मदत मिळवायला मृत्यूचा दाखला लागत होता म्हणूनही नोंदणी वाढली असणार. सगळी वाढ जादा मृत्यू म्हणणं चूक आणि सगळी वाढ नोंदणीच्या खात्यावर टाकणं ही त्याहून मोठी चूक. डब्ल्यूएचओने २०२०-२१ साठी भारतातल्या जादा मृत्यूंचा अंदाज ४७ लाख दिला, सरकारी कोविड मृत्यू होते ४.८ लाखांच्या आसपास आणि सरकारने तो अंदाज अमान्य केला, तिथला वाद बराचसा अपेक्षित आकडा कसा काढला यावरच होता.

आता सुरुवातीला आलेले मुंबईचे ते उरलेले १० हजार. जादा मृत्यू हा निव्वळ आकडा आहे, त्यात वाढलेलेही आणि कमी झालेलेही येतात. लोकल बंद होत्या, त्यामुळे २०१९ मध्ये दोन हजारांहून जास्त जीव घेणारे रेल्वे अपघात २०२० मध्ये निम्म्याच्याही खाली आले. दुसरीकडे डायलिसिस, केमो, हार्टचे पेशंट वेळेत पोचले नाहीत. आणि टेस्टच न झालेले कोविडचे पेशंटही त्यात आहेतच. आकडा एकटा हे वेगळं करून देत नाही, पण दाबून टाकायचाही नसतो. अमेरिकेच्या पोर्तो रिको बेटावर २०१७ च्या मारिया वादळानंतर सरकारी आकडा ६४ होता, जादा मृत्यू मोजल्यावर तो २९७५ करावा लागला.

त्याच वादळाबद्दल हार्वर्डचा एक सर्व्हे होता, सगळीकडे ४६४५ छापून आलं, पण त्याची रेंज, म्हणजे खरा आकडा ज्यात कुठेही असू शकतो तो पट्टा, होती ७९३ ते ८४९८. रेंज न देता एकच आकडा सांगू नका. वॉर्डासारख्या छोट्या जागी तर हे फारच महत्त्वाचं. एका वॉर्डात आठवड्याला सरासरी ७० मृत्यू होत असतील तर नुसत्या योगायोगाने ते ५५ ते ८६ मध्ये कुठेही जाऊ शकतात, मग एका आठवड्यात ८० झाले म्हणून बोंब मारायचं कारण नाही.

शेवटी एक्सेलमधली एक गोष्ट. काही आठवडे उणे येतात, विशेषतः लाट ओसरल्यावर, कारण जे फार आजारी होते त्यातले काही आधीच गेलेले असतात. उणे मृत्यू कसे असतील म्हणून लोक तिथे शून्य घालतात आणि मग बेरीज करतात, त्यामुळे चढ तेवढे मोजले जातात, उतार नाहीत, आणि काहीच न घडलेल्या वर्षातही शेकड्याने जादा मृत्यू निघतात. उणे आहे ते उणेच ठेवा, बेरजेतही आणि ग्राफवरही.