सुगीनंतर ठेवलेलं गवत कापायचं मशीन आणि उंदीर: या चुका टाळा

सुगी संपली की शिवारातले उंदीर गावाकडे वळतात. आमच्या बेळगावकडच्या खानापूर, जांबोटी, येळ्ळूर, कुठेही पाहा. भात निघतं, बांधावरचं खाणं संपतं आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण गवत कापायचा कटर नि पॉवर वीडर (तण काढायचं यंत्र) पुसून गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवतो. पुन्हा हात लागतो तो वळीव पडल्यावर. मधले पाच-सहा महिने उंदराला कुणी हटकत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मशीन बाहेर काढल्या काढल्या दोरी ओढणं. माझा कटर असाच गेला. दुसऱ्या ओढीला सुरू झाला म्हणून तसाच बांधावर नेला. १५ मिनिटांत जळका वास आला, इंजिन थांबलं आणि दोरी जागची हलेना. मिस्त्रीनं वरचं प्लॅस्टिकचं कव्हर उघडलं तर सिलिंडरवरच्या गार करणाऱ्या पत्र्यासारख्या पात्यांमध्ये पिंजर (भाताचा पेंढा), सुतळी आणि चिंध्या ठासून भरलेल्या. ही इंजिनं वाऱ्यावर थंड होतात. फ्लायव्हीलचा पंखा त्या पात्यांवर वारा मारतो. घरट्यानं वाट अडवली की सिलिंडर तापत जातो आणि पिस्टन आत धरतो, म्हणजे जाम होतो. दोन स्क्रू काढून आधी बघितलं असतं तर नवा सिलिंडर-पिस्टन घालावा लागला नसता, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून आधी कव्हर उघडा. मग एअर फिल्टरचा डबा बघा. उंदीर स्पंज कुरतडून घरट्याला नेतो, आणि फाटक्या फिल्टरमधून धूळ थेट इंजिनात जाते. पेट्रोलची नळी, हातानं दाबायचा रबरी फुगा, प्लगची वायर, हे सगळं बोटानं चाचपा. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडल्याशिवाय त्याला गत्यंतर नाही. पेट्रोलच्या वासानं तो लांब राहील या भरवशावर राहू नका. नळीला बारीक छिद्र असेल तर गरम सायलेन्सरवर पेट्रोल ठिबकून आग लागू शकते.

घरटं दिसलं तर कोरड्या झाडूनं झाडू नका, तोंडानं फुंकू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. तोंडाला फडकं बांधा, रबरी हातमोजे घाला. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिसळून घरटं भिजवा, पाच मिनिटं थांबा आणि मग उचला.

पेंडीची पोती, भुईमुगाच्या शेंगा, पिंजर आणि मशीन एकाच खोलीत ठेवणं ही आपल्याकडची जुनी सवय. खाणं, अंथरूण आणि घर तिन्ही आपणच पुरवतो. जागा नसेल तर निदान धान्य झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात घाला आणि मशीन भिंतीपासून दोन फूट पुढे ओढा. ताडपत्री जमिनीपर्यंत गुंडाळू नका, आतला अंधार उंदराला हवाच असतो. दाराखालच्या फटीला पत्रा ठोका. लहान उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे पेन्सिल जाईल तिथून तोही जातो.

डांबराच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. विष तर गोठ्याजवळ नकोच. झिंक फॉस्फाइडची गोळी कोंबडी, मांजर किंवा कुत्र्यानं खाल्ली तर तेही मरतात, आणि विष खाल्लेला उंदीर मशीनच्या आतच मेला तर वास निघता निघत नाही. भिंतीच्या कडेनं पिंजरा लावा, आत भाजलेलं खोबरं अडकवा. चिचुंद्री सापडली तर सोडून द्या, ती किडे खाते, वायरी नाही.

ठेवताना सायलेन्सरच्या तोंडात भांडी घासायची तारेची घासणी कोंबा, आणि दोरीच्या मुठीला लाल चिंधी बांधा. वळवानंतर हात मुठीकडे गेला की आधी घासणी काढायची आठवण होईल.